टॅब उघडण्याआधी फरशीवर घरं आखा: कोडिंगमधून जीवनकौशल्यं शिकवण्याचा क्रम

कोडिंगमधून जीवनकौशल्यं शिकवायची म्हटलं की बहुतेक वर्गांत एकच क्रम दिसतो. टॅब वाटले जातात, मुलं अर्धा तास पडद्यावरचं मांजर पळवतात आणि तास संपता संपता प्रश्न येतो, "मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?" मुलं एका सुरात "सहकार्य" म्हणतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलं त्याच टॅबसाठी एकमेकांना ढकलत असतात.

दुसरी चूक याहून जास्त दिसते. "हात धुवा", "झाडे लावा" अशा विषयांवर चित्रफीत बनवून घ्यायची आणि तिला जीवनकौशल्याचा उपक्रम म्हणायचं. हात धुण्याची चित्रफीत बनवून मूल फार तर आरोग्याचा एक धडा शिकेल. कौशल्य घडतं ते ती बनवत असताना: पडद्यावरचं चित्र भलत्याच जागी थांबलं तेव्हा मुलानं काय केलं, जोडीदार सांगत होता ते ऐकलं का, रडू आलं तर कसं सावरलं. प्रोग्रॅमचा विषय कोणताही असो, कौशल्य कामाच्या रीतीत पेरावं लागतं. खालचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत.

मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक पडवी. हा क्रम तिथे वापरून, चुकून, बदलून बसवलेला आहे. वर्ग एकत्र बसत असतील तरी चालतो.

## टप्पा १: एकच कौशल्य निवडा, आणि ते डोळ्यांना दिसेल असं लिहा

जागतिक आरोग्य संघटनेची दहा कौशल्यांची यादी आपण प्रशिक्षणांत पाहिलेली असते: स्वजाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, निर्णय घेणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, परिणामकारक संप्रेषण, परस्परसंबंध, भावनांचं आणि ताणाचं समायोजन. ही यादी भिंतीवर ठीक आहे, पण तिच्यावरून तास घेता येत नाही. "समस्या निराकरण" कुणाला दिसत नाही. दिसते ती मुलाची कृती.

म्हणून एका सत्राला एक, फार तर दोन कौशल्यं घ्या आणि वहीत असं वाक्य लिहा:

- समस्या निराकरण: "पडद्यावरची फेरीबोट चुकली की बाईंना हाक मारण्याआधी स्वतः एक बदल करून पाहतो."
- संप्रेषण: "'इकडे, तिकडे' न म्हणता 'उजवीकडे तीन घरं' असं सांगते."
- भावनांचं समायोजन: "राग आला की टॅब पालथा ठेवतो, पाणी पिऊन येतो, परत बसतो."

पहिल्या सत्रात पहिलं वाक्य घ्या. बाकीची त्याच्या आधाराने येतात.

तपासा: तुमचं वाक्य वाचून शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला वर्गात येऊन "हे मूल करतंय, हे करत नाही" असं सांगता येईल का? येत नसेल तर वाक्य अजून मोघम आहे.

पालक किंवा केंद्रप्रमुख विचारतील, "प्राथमिकला कोडिंग कशाला?" राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी आहे. त्यामुळे पहिली ते पाचवीत प्रोग्रॅम किती मोठा झाला याची घाई करायचं कारण नाही. हा वेळ रीत लावण्यासाठी आहे.

## टप्पा २: साधनं, तीही पावसाळा धरून

पहिली ते तिसरीला स्क्रॅचज्युनिअर हे कोडिंगचं अ‍ॅप घ्या. ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बनवलेलं आहे, मोफत आहे आणि त्याच्या ब्लॉकवर, म्हणजे जोडून प्रोग्रॅम बनतो त्या सूचनांच्या तुकड्यांवर, शब्द नसतात, चित्रं असतात. त्यामुळे वाचता न येणारं मूलही अडत नाही. चौथी-पाचवीला स्क्रॅच, जे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलं. तेही मोफत आहे आणि लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं.

तयारीचा क्रम:

१. रेंज असेल तिथे, घरी किंवा तालुक्याच्या गावी, अ‍ॅप उतरवून घ्या. शाळेत येऊन उतरवू म्हणाल तर तो तास गेलाच समजा.

२. टॅब विमान मोडवर टाका, अ‍ॅप उघडा, एक छोटा प्रोग्रॅम बनवून जतन करा, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. प्रोग्रॅम जागेवर असेल तरच टॅब तयार झाला.

३. आदल्या दिवशी सगळे टॅब चार्ज करा. जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नसतो. सकाळी शाळेत लावू म्हणून थांबू नका.

४. टॅब स्टीलच्या डब्यात, कोरड्या फडक्यात ठेवा. खारी हवा आणि दमट भिंत दोन्हीपासून दूर.

५. दोन मुलांमागे एकच टॅब द्या. दहा मुलं आणि दहा टॅब असले तरी पाचच बाहेर काढा. हे टंचाईमुळे करायचं नाही, पुढचा चौथा टप्पा यावरच चालतो.

स्क्रॅचसाठी नेहमी लागणाऱ्या पंधरा-वीस ब्लॉकची पुठ्ठ्याची कार्डं करा. ब्लॉकचाच रंग आणि खाली मराठी नाव: हालचालीचे निळे, घटनांचे पिवळे, नियंत्रणाचे केशरी. मुलं रंगावरून ब्लॉक शोधतात, इंग्रजी शब्द आठवड्याभरात आपोआप ओळखीचे होतात.

सावधान: मुलांच्या नावाची खाती उघडू नका. उतरवलेल्या स्क्रॅचला खातं लागत नाही. मुलांचे फोटो आणि पूर्ण नावं प्रोग्रॅममध्ये टाकू देऊ नका. जोडीला "सुरमई", "बांगडा" अशी नावं द्या, फाईललाही तेच नाव आणि तारीख.

## टप्पा ३: चार तास फरशीवर, टॅबशिवाय

हा टप्पा वगळला जातो, आणि पुढे सगळं इथेच बिघडतं. मुलाच्या हातात टॅब पडला की त्याचे कान बंद होतात. सूचना देणं, ऐकणं आणि तंतोतंत पाळणं ही सवय त्याआधी लागायला हवी.

पडवीत किंवा वर्गात खडूने घरं आखा, आडवी सहा आणि उभी पाच. एक घर साधारण मुलाच्या एका पावलाएवढं. दोन दप्तरं मध्ये ठेवा, ते खडक. एका टोकाला धोपावे लिहा, दुसऱ्या टोकाला दाभोळ. आमच्याकडच्या मुलांना ही फेरीबोट ठाऊक आहे. तुमच्याकडे जयगड–तवसाळ असेल किंवा नुसती गावची होडी असेल, तर ती घ्या. एक मूल बोट होतं, दुसरं बाणांची कार्डं ओळीने मांडतं. कार्डं पूर्ण मांडून झाल्यावरच बोट चालायला लागते, आणि कार्डावर असेल तेवढंच करते. मनाने काही नाही.

बाण चारच ठेवा: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. इथे एक नेहमीची चूक सांगते. बरेच शिक्षक फरशीवर "डावीकडे वळ, मग पुढे चल" असं शिकवतात. ते चौथीच्या स्क्रॅचला चालतं. स्क्रॅचज्युनिअरमध्ये मात्र वळण्याचा ब्लॉक घातला की चित्र फक्त जागच्या जागी कलतं, चालण्याची दिशा तीच राहते. बारा आकडा घातला की एक पूर्ण गिरकी. फरशीवर वळायला शिकलेल्या मुलाची बोट टॅबवर कलंडते आणि त्याला कळत नाही की आपलं कुठे चुकलं. छोट्यांना फरशीवरही पडद्यासारखेच चार बाण द्या.

दुसरी चूक मोजण्याची. मुलं बोट उभी आहे ते घरसुद्धा मोजतात, म्हणून बोट नेहमी एक घर मागे राहते. सापशिडीची आठवण करून द्या: सोंगटी आहे ते घर आपण मोजत नाही, पुढच्यापासून "एक" म्हणतो. एवढं सांगितलं की पुरे होतं. तरीही दुसरीतला एक मुलगा फरशीवर पालथा पडून, बोटाने प्रत्येक घरावर टकटक करत मोजायचा आणि पहिल्या घरावर तळहात ठेवून ते झाकून टाकायचा. ही युक्ती त्याची स्वतःची. पुढे सगळ्या वर्गाने उचलली.

चौथ्या तासाला एक गोष्ट वाढवा. कार्डं मांडणाऱ्याने बोटीकडे पाठ करून तोंडी सूचना द्यायच्या. "अगं इकडे" चालत नाही, कारण "इकडे" कुठे ते बोटीला दिसत नाही. मुलं पहिल्यांदा चिडतात. मग वाक्य नीट होतं.

सावधान: बोट खडकावर गेली की बाकीची मुलं हसतात. पहिल्याच दिवशी नियम करा: हसणाऱ्याने पुढची बोट व्हायचं. आठवडाभर पाळला की हसणं थांबतं.

तपासा: चारपैकी तीन जोड्या खडक टाळून पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात पोचतात का? नसतील तर पाचवा तासही फरशीवरच घ्या. टॅब पळून जात नाहीत.

## टप्पा ४: तांडेल आणि खलाशी

जोडीत एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि एक खलाशी. तांडेल सांगतो, टॅबला हात लावत नाही, त्याचे हात पाठीमागे. खलाशी ब्लॉक ओढतो, पण तांडेलाने सांगितल्याशिवाय काही करत नाही. पटलं नाही तर "थांब, मला वाटतं…" असं म्हणून बोलायचं, परस्पर बदलायचं नाही. मुलांच्या घरात कुणी ना कुणी दर्यावर जाणारं असतं, त्यामुळे हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

दर पाच मिनिटांनी थाळी वाजवा आणि अदलाबदल करा. चौथी-पाचवीला आठ मिनिटं. थाळी वाजली की बदल म्हणजे बदल, ब्लॉक अर्धवट ओढलेला असला तरी. "एवढं करून देतो" ही सवलत एकदा दिली की ताकदीचं मूल टॅब सोडतच नाही.

जोड्या लावताना:

- हुशार आणि मागे राहणारं अशी जोडी कायम लावू नका. हुशार मूल शिक्षक होऊन बसतं आणि दुसरं प्रेक्षक. जवळपास सारख्या गतीची मुलं एकत्र द्या, दर तीन आठवड्यांनी जोडी बदला.
- एकाच घरातली भावंडं वेगळी बसवा. घरातला मोठेपणा टॅबवर येतो.
- मुलगा-मुलगी जोडीत थाळीकडे विशेष लक्ष द्या. मुलगी बराच वेळ तांडेल आणि मुलगा बराच वेळ खलाशी असं नकळत होतं. मी दोन दिवस शेजारी बसून मिनिटं मोजली तेव्हा मला हे दिसलं, त्याआधी मला वाटत होतं की वर्ग समान चालला आहे.

तीन मुलं उरली तर तिसरं "लेखनिक": काय बदललं ते कागदावर लिहितं. हे दुय्यम काम नाही, पुढच्या टप्प्यात तोच कागद सगळ्यांना वाचवतो.

## टप्पा ५: पहिला प्रोग्रॅम, आणि चूक शोधण्याची रीत

पहिला प्रोग्रॅम एकच असू द्या: फेरीबोट धोपाव्याहून निघते, दाभोळला थांबते. बोटीचं चित्र मुलांनी अ‍ॅपमध्ये स्वतः काढायचं. चित्राला एकच तास द्या, नाहीतर आठवडाभर रंगच भरत बसतात.

मग हा क्रम, एकही पायरी न गाळता:

१. पडद्यावरच्या चौकटी दिसण्याचं बटण चालू करा. आडव्या वीस, उभ्या पंधरा.

२. किती घरं जायचं ते आधी कागदावर लिहा. दोघांचा आकडा वेगळा असेल तर दोन्ही लिहा.

३. ब्लॉक लावा, आकडा घाला.

४. चालवा.

५. कागदाशी ताडून पाहा.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात आधी तीच सुटते. आधी अंदाज न लिहिता चालवलं की मूल नुसते आकडे बदलत बसतं, कधीतरी बोट धक्क्याला लागते आणि ते टाळ्या वाजवतं. त्यात विचार नाही. अंदाज लिहिला असेल तर बोट चुकली तेव्हा "मी अकरा म्हटलं होतं, मग ती पुढे का गेली?" हा प्रश्न तयार होतो. आकडा फारच मोठा घातला तर बोट उजव्या कडेतून जाऊन डावीकडून उगवते. मुलांना त्याचं अप्रूप वाटतं, दोन मिनिटं वाटू द्या.

बोट चुकली की भिंतीवरच्या चार ओळींकडे जायचं:

- काय व्हायला हवं होतं?
- काय झालं?
- कुठपर्यंत बरोबर होतं?
- आता एकच बदल कर.

तिसरी ओळ मुलांना आवडते, कारण तिच्यामुळे कळतं की सगळंच चुकलेलं नाही. चौथीवर ठाम राहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि जमलं, तर कशामुळे जमलं ते कुणालाच कळत नाही.

मदतीचाही क्रम ठरवा: आधी स्वतः, मग जोडीदार, मग शेजारची जोडी, मग बाई. शेजारच्या जोडीने फक्त प्रश्न विचारायचा, हात लावायचा नाही. आणि बाईंनीही.

हा शेवटचा नियम मी फार उशिरा शिकले. दुसरीतल्या एका मुलीची बोट दर वेळी धक्क्यापुढे जात होती. तास संपत आला होता, दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. मी टॅब घेतला, चौदाचे अकरा केले आणि परत दिला. सभेत तिच्या आईने कौतुकाने विचारलं, "ही बोट तू केलीस?" ती म्हणाली, "नाय, बाईंनी." तिची बोट, तिचं चित्र, तिचे सगळे ब्लॉक, पण एका आकड्यासाठी ती सगळी बोट माझी झाली. तेव्हापासून मी जोडीजवळ जाताना हात पाठीमागे बांधते. मुलांनाही सांगून ठेवलंय की बाईंचे हात पुढे आले तर आठवण करा. ती करतात.

बोलताना "तू चुकलास" म्हणू नका. "प्रोग्रॅम काय करतोय?" म्हणा. चूक पडद्यावर राहिली पाहिजे, मुलाच्या अंगावर यायला नको. आणि कुणी रडकुंडीला आलं तर समजूत घालत बसण्यापेक्षा ठरलेली रीत आठवून द्या: टॅब पालथा, माठापर्यंत जाऊन पाणी, परत. ही रीत आनंदाच्या दिवशी, सगळ्यांनी मिळून, दोनदा करून पाहिलेली असावी. रडत असताना नवी रीत शिकवता येत नाही.

नेहमी सापडणाऱ्या चुका, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही:

- ब्लॉक भलत्याच पात्राला लावलेले असतात. बोट निवडलेली नसते, मांजर निवडलेलं असतं. प्रत्येक पात्राचे ब्लॉक वेगळे.
- थांबण्याच्या ब्लॉकमधला आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात. मूल ५ घालून पाच सेकंदांची वाट पाहतं आणि बोट अर्ध्या सेकंदात सुटते. एका सेकंदाला १०.
- हिरव्या झेंड्याचा ब्लॉक सुरुवातीला लावायचा राहिलेला असतो.

बोट जमली की प्रवासी आणा. प्रवाशाने बोट धक्क्याला लागल्यावरच चालायला लागायचं. पहिल्यांदा सगळी मुलं थांबण्याच्या ब्लॉकने अंदाज बांधतात: "बोट यायला तीन सेकंद लागतात, प्रवासी तीन सेकंद थांबेल." मग बोटीचा वेग किंवा अंतर बदललं की प्रवासी पाण्यावरून चालत सुटतो. हे होऊ द्या. त्यानंतरच पाकिटाचा ब्लॉक दाखवा: बोट पोचली की केशरी पाकीट पाठवते, प्रवासी पाकीट मिळाल्यावर निघतो. अंदाजाने निघणं आणि सांगावा आल्यावर निघणं यातला फरक मुलं इथे स्वतः पाहतात. मी समजावायला जात नाही, फक्त विचारते, "धक्क्यावर खरे प्रवासी कशावरून निघतात?"

तपासा: सहा आठवड्यांनंतर मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम सगळ्या जोड्यांना द्या, एकच चूक असलेला. चार ओळी वापरून, हाक न मारता, दहा मिनिटांत किती जोड्यांना सापडते ते बघा. निम्म्यांहून कमी असतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: चौथी-पाचवीला निर्णय — साकव आणि जत्रा

स्क्रॅचमध्ये "जर… तर… नाहीतर…" हा ब्लॉक येतो. याच्यासाठी कृत्रिम उदाहरण शोधायची गरज नाही. आमच्या निम्म्या मुलांच्या वाटेत पऱ्या, म्हणजे ओढा, आहे आणि पऱ्यावर साकव, म्हणजे फळ्यांचा छोटा पूल.

आधी कागदावर लिहून घ्या. पहिला मसुदा बहुतेक असा येतो: "साकव ओलांड. पाणी असेल तर थांब." मोठ्याने वाचायला लावा आणि फरशीवर चालून दाखवा. मूल ओलांडतं, मग पाणी पाहतं. वर्ग एकदम शांत होतो. तपासणी आधी, पाऊल नंतर, हे मुलं स्वतःच दुरुस्त करतात.

मग विचारा, "पाणी असेल तर थांब. थांबून?" प्रोग्रॅम तिथेच अडकलेला असतो. मुलं भर घालू लागतात: मागे फिर, जवळच्या घरी जा, मोठ्या माणसाला सांग, शाळेत निरोप दे. पुढचा प्रश्न: "पाणी आहे हे कशावरून ठरवायचं?" एका मुलीने लिहिलं होतं, "साकवाची फळी दिसत नसेल तर." दुसरा म्हणाला, "फळी दिसते पण पाणी गढूळ आणि जोराचं आहे, तर?" दोन अटी झाल्या. यातली कुठलीही एक खरी असली तरी थांबायचं, म्हणजे "किंवा". मुलं "आणि" लावतात. मग दोन्ही खऱ्या झाल्याशिवाय प्रोग्रॅम थांबवत नाही. हा फरक फळ्यावर दोन्ही प्रकारे चालवून दाखवाच.

सावधान: हा धडा पऱ्याजवळ नेऊन घेऊ नका, आणि "आता तुम्हाला ठरवता येतं" असं मुलांना वाटू देऊ नका. पावसाळ्यात साकव मोठ्या माणसासोबतच ओलांडायचा, ही अट प्रोग्रॅमच्या सगळ्यात वर लिहायला लावा. हे पालकांनाही कळवा.

पडद्यावर उत्तर टाईप करायला लावू नका. प्रश्न "पाणी आहे का?" आणि तपासणी "हो" या शब्दाशी असेल, तर मूल "होय" किंवा "व्हय" लिहितं आणि प्रोग्रॅमला ते वेगळं उत्तर वाटतं. १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, असं ठेवा.

दुसरा प्रोग्रॅम जत्रेचा. "पैसे" नावाचा चल, म्हणजे बदलता आकडा साठवणारी जागा, करा. नाव मराठीत देता येतं. सुरुवातीला ५०. खाजं २०, पाळणा ३०, फुगा १०. एखाद्या वस्तूवर टिचकी मारली की पैसे तेवढे कमी व्हावेत, आणि पुरत नसतील तर पात्राने तसं सांगावं. इथे दोन चुका ठरलेल्या:

- "इतके कर" आणि "इतक्याने बदल" हे दोन ब्लॉक मुलं एकमेकांच्या जागी लावतात. खाजं घेतल्यावर पैसे उणे वीस होतात. मुलांना आधी खरी नाणी हाताळू द्या: "खिशात वीस ठेव" आणि "खिशातून वीस काढ" यांत काय फरक?
- सुरुवातीला पैसे पुन्हा ५० करायचे राहतात. मग दुसऱ्यांदा झेंडा दाबला की कालच्या उरलेल्या पैशांपासून जत्रा सुरू होते. पात्राच्या जागेचंही तसंच. स्क्रॅचमध्ये पात्र आपणहून घरी परत येत नाही, त्याला सुरुवातीची जागा सांगावी लागते.

प्रोग्रॅम चालला की प्रत्येकाने त्यात पन्नास रुपये खर्च करायचे आणि वहीत लिहायचं: काय घेतलं, काय सोडलं, का. भावंडासाठी पैसे ठेवायचे हे कुणाला सुचतं ते इथे दिसतं. बरोबर-चूक ठरवू नका. वाचून दाखवायला सांगा, पुरे.

## टप्पा ७: दाखवणं

स्पर्धा नको, क्रमांक नको. शनिवारी सकाळी आया, आजी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांना बोलवा. प्रत्येक जोडीने तीनच वाक्यं सांगायची: आम्हाला काय करायचं होतं, कुठे अडलं, कसं सोडवलं. अडलेलं काहीच नाही असं जोडी म्हणाली तर लेखनिकाचा कागद काढा. पाहणाऱ्यांनी एक आवडलेली गोष्ट सांगायची आणि एक प्रश्न विचारायचा. पाहुण्यांना हे आधी समजावा, नाहीतर "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" यातच वेळ जातो.

मुलं घरच्या बोलीत बोलत असतील तर बोलू द्या.

## टप्पा ८: नोंद

गुण देऊ नका. वर्णनात्मक नोंदीत तारखेसह एक ओळ. "समस्या निराकरण चांगले" ही नोंद नाही. "बोट दोनदा चुकली, तिसऱ्यांदा आकडा बदलण्याआधी घरं पुन्हा मोजली, हाक मारली नाही" ही नोंद. एका तासाला दोनच मुलं पाहा. दहा पाहायला गेलात तर एकही दिसत नाही.

आणि खरी तपासणी कोडिंगच्या तासाला होतच नाही. पहिल्या टप्प्यात लिहिलेलं वाक्य गणिताच्या तासाला, मैदानावर, पोषण आहाराच्या रांगेत दिसतं का ते बघा. वजाबाकी चुकल्यावर मूल आपणहून "कुठपर्यंत बरोबर होतं?" म्हणत वर जातं का? खेळात भांडण झालं तर कुणी माठाकडे जाऊन येतं का? दोन महिन्यांनीही दिसत नसेल तर कोडिंगचे तास वाढवू नका. त्या चार ओळी गणिताच्या वहीच्या आतल्या पानावर चिकटवा आणि तिथेही हात पाठीमागे बांधून उभे राहा.

मे महिन्याच्या सुट्टीआधी सगळे प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या, टॅब साधारण अर्धे चार्ज करून बंद करा आणि कोरड्या कपाटात ठेवा. जूनमध्ये शाळा भरली की टॅब तिथेच राहू द्या. पहिला आठवडा तिसरीच्या मुलांनी पहिलीसाठी फरशीवर घरं आखायची, आडवी सहा, उभी पाच.